गाव बसले म्हणजे काय?

मराठीतले ‘बसणे’ हे क्रियापद मोठे गमतीचे आहे. एखाद्याने पेठ बसविली म्हणजे ती नव्याने उभी केली. आणि त्याच पेठेतला धंदा बसला म्हणजे तो बुडाला. गाव बसले असे कोणी म्हणाले तर बोलणाऱ्याचा सूर ऐकल्यावाचून यांतला कोणता अर्थ घ्यावा हे कळत नाही. आमच्या घरात गेली दहापंधरा वर्षे दोंडाईच्याविषयी हे वाक्य दुसऱ्या अर्थाने बोलले जाते. बोलणारे आम्ही सगळे मुंबईच्या आसपास राहणारे. दोंडाईच्याला राहणारे आमचे आजोबा, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, ते मात्र असे कधी बोललेले आम्हांला आठवत नाही. शहाऐंशी वर्षांचा हा मनुष्य त्या गावात एकटा राहतो, आणि त्याचे गाव बसले की नाही याचा निकाल आम्ही तीनशे मैलांवरून लावतो, ही गोष्ट थोडी विचित्रच होय.

गेल्या आखाजीला आम्ही सहकुटुंब दोंडाईच्याला गेलो ते आबांना भेटायला म्हणून. पण खरे कारण निराळे होते. शेत विकायचे की ठेवायचे, घराचे काय करायचे आणि आबांना मुंबईला आणायचे की नाही, याचा एकदाचा निर्णय करायचा होता. त्या चार दिवसांत जे दिसले आणि त्यामागची जी कारणे आमच्या ध्यानात आली, ती येथे सांगायची आहेत. श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या घरी असेच एखादे गाव असेल. नाव तेवढे वेगळे.

मुंबईहून दोंडाईच्याला रेल्वेने जायचे म्हणजे आधी उत्तरेला सुरतेकडे जायचे आणि मग उधन्याहून पूर्वेकडे वळून खानदेशात उतरायचे. वाटेत नवापूरचे स्टेशन लागते. त्याचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे. पहाटे उधन्याला डबा माणसांनी भरला आणि पाहता पाहता डब्यातली भाषा बदलली. गुजराती मागे पडली, हिंदी मागे पडली आणि चहूकडून अहिराणी ऐकू येऊ लागली. ही सगळी सुरतेच्या कापडधंद्यात राबणारी खानदेशी माणसे होती. कोणी मागावर, कोणी रंगाईच्या कारखान्यात, कोणी साड्यांच्या बाजारात. आखाजीला घरी चालली होती. आमचे काकाही त्यांतलेच. ते उधन्यालाच गाडीत चढले.

ज्या रुळांवरून आम्ही चाललो होतो, त्यांनीच दोंडाईचा मोठा केला. तापी खोऱ्यातली ही रेल्वे १९०० च्या सुमारास पुरी झाली आणि सुरत अमळनेर-जळगावला जोडली गेली. त्यापूर्वीही या काळ्या जमिनीत कापूस होत होता, पण तो बैलगाड्यांतून दूर न्यावा लागे. आता कापसाचा हिशेब पाहा. शेतातून वेचलेल्या शंभर किलो कापसातून रुई निघते ती जेमतेम चौतीस-पस्तीस किलो. बाकीची बहुतेक सरकी. शिवाय मोकळी रुई वजनाला हलकी आणि जागेला भारी. एवढा पसारा दूर वाहून नेण्यापेक्षा तो स्टेशनाजवळच पिंजून, सरकी काढून, दाबून गठ्ठे बांधावेत हे शहाणपणाचे. म्हणून जेथे स्टेशन तेथे जिनिंग आणि प्रेसिंग. जेथे जिन तेथे अडत्या. जेथे अडत्या तेथे हुंडी, किराणा, कापड, सराफ आणि शेवटी शाळा. सरकीतून तेल निघे आणि ढेप जनावरांना जाई. रावल घराण्याची गढी, अमरावती नदीचा काठ आणि जुने गावठाण यांच्या भोवती जी बाजारपेठ वाढली, तिचे सूत्र इतके साधे आहे. आबांच्या वडिलांनी गावात धाब्याचे घर घेतले तेही कापसाच्याच एका चांगल्या सालातून.

आम्ही लहानपणी पाहिलेला दोंडाईचा या सुबत्तेच्या उतरणीवरचा असावा. पण मुलांना उतरण कळत नाही. ओटीवर छतापर्यंत कापूस भरलेला असे आणि आम्ही त्यात उड्या मारीत असू. सारंगखेड्याला दत्तजयंतीची घोड्यांची यात्रा भरते. तिकडे जाणारी माणसे दोंडाईच्यालाच उतरत, आणि त्या दिवसांत ओट्यावर घोड्यांखेरीज दुसरा विषय नसे. पण सर्वांत पक्की आठवण मिरचीची. दिवाळीनंतर गावाबाहेरच्या मोकळ्या रानात ओल्या लाल मिरचीच्या पथाऱ्या पडत. नजर पोचेल तिथवर जमीन लाल. बायका ओळीने बसून मिरचीची देठे खुडीत आणि त्यांच्या अंगाखांद्यांवर, केसांत, तान्ह्या मुलांच्या झोळीतही तिखट बसलेले असे. आम्ही शिंकत परत येत असू.

या मिरचीत जो व्यवहार आहे, तो आम्हांला पुष्कळ वर्षांनी समजला. मिरची वाळून तिचे वजन पावभर ते तिसऱ्या हिश्श्याइतके उरते. शेतकऱ्याजवळ पथारीला जागा नसते, खुडणीला माणसे नसतात आणि थांबायला वेळ तर नसतोच. सावकाराचा किंवा सोसायटीचा हप्ता दारात उभा असतो. म्हणून तो मिरची ओलीच विकतो. वाळवण्याची मेहनत आणि जोखीम व्यापाऱ्याकडे जाते. मधेच अवकाळी पाऊस आला तर पथारी काळी पडते, आणि उन्हे चांगली पडली तर नफाही त्याचाच. याला आम्ही लूट म्हणणार नाही. जोखीम जो उचलतो त्याला मोबदला मिळतो, एवढाच अर्थ. पण ज्याच्या जमिनीत मिरची पिकते त्याला जोखीम उचलण्याइतकी ऐपतच राहू नये, हे मात्र ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

कापसाची कथा अधिक गुंतागुंतीची. १९७२ पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी योजना आली. शेतकऱ्याने कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा आणि हमीचा भाव घ्यायचा. हेतू चांगला होता. पण दोंडाईच्यापासून गुजरातची हद्द काही फार दूर नाही, आणि तिकडे भाव चढला की रात्रीच्या गाड्या कोणत्या दिशेने जात हे सांगायला नको. तीस वर्षांनी ती मक्तेदारी संपली. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. काही वर्षे पीक भरघोस आले आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने पुन्हा डोके वर काढले. आता गावात मक्यापासून स्टार्च करणारा कारखाना आहे आणि मक्याला घरचे गिऱ्हाईक मिळाले आहे. आबांनीही कापूस कमी करून मका धरला. जळगावात जेथे खानदेश मिल होती तेथे आज दुकानांचे संकुल उभे आहे. खानदेशचा कापूस खानदेशातच विणला जाण्याचे दिवस गेले. कापूस बाहेर गेला आणि विणणारे हातही त्याच्यामागोमाग बाहेर गेले. उधन्याला डबा कशाने भरतो याचे उत्तर येथे आहे.

तर मग गाव बसले का? आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघालो तेव्हा हा प्रश्न वाटत होता तितका सोपा राहिला नाही. आमच्या गल्लीत बारा घरे, पाचांना कुलपे. दोन धाबी खचलेली, एकात बोरीचे झाड उगवलेले. इतके पाहून आम्ही परतलो असतो तर ‘बसले’ हा निकाल कायम झाला असता. पण आबांनी काठी टेकीत आम्हांला गावाबाहेरच्या रस्त्याला नेले. तेथे नव्या वसाहतींची रांग लागली होती. सिमेंटची घरे, दारात मोटारसायकली, शिकवण्यांच्या पाट्या. ही माणसे कोण, असे विचारता आबा म्हणाले, की आजूबाजूच्या खेड्यांतली. मुलांच्या शाळेसाठी येथे येऊन राहिलेली. ज्यांना आम्ही ओळखत होतो ते सुरतेला गेले. ज्यांना आम्ही ओळखत नव्हतो ते गावात आले. आणि आम्ही आमच्या ओळखीची कुलपे मोजून गावाचे वय ठरवीत होतो.

जनगणनेचे आकडेही हेच सांगतात, जरा नीट वाचले तर. दोंडाईचा-वरवाडे नगरपालिकेची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ४२ हजार होती. २०११ मध्ये ती सुमारे ४६ हजार झाली. म्हणजे गाव घटले नाही. पण दहा वर्षांत सुमारे दहा टक्के वाढ ही, जन्म आणि मृत्यू यांच्या हिशेबाने जेवढी व्हायला हवी, तेवढीदेखील नाही. त्याच दशकात महाराष्ट्रातील नागरी लोकसंख्या जवळजवळ चोवीस टक्क्यांनी वाढली. खेड्यांतून माणसे येत असूनही वाढ इतकीच, याचा अर्थ येणाऱ्यांपेक्षा जाणारे अधिक. अशा गावाला ओसाड म्हणता येत नाही आणि भरभराटलेलेही म्हणता येत नाही. ते धर्मशाळेसारखे आहे. माणूस खेड्यातून येथे येतो, मुलांना शिकवतो आणि ती मुले पुढल्या स्टेशनाला जातात.

जाणाऱ्यांना लावणारे मुख्य कारण जमिनीच्या वाटणीत आहे, आणि त्याला आमच्या घरापेक्षा चांगले उदाहरण आम्हांला शोधावे लागत नाही. आबांच्या वडिलांची तीस एकर. भाऊ तिघे, म्हणून आबांना दहा. आबांना मुले तीन: आमचे वडील, काका आणि आत्या. खानदेशात आत्याला फुई म्हणतात, आम्हीही म्हणतो. म्हणजे आता प्रत्येकी तीन एकर आणि वर थोडे. गंमत अशी, की राज्याची सरासरीही याच वाटेने उतरली. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातील सरासरी खातेदाराकडे ४.२८ हेक्टर जमीन होती, म्हणजे साडेदहा एकर. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टर झाली, म्हणजे सव्वातीन एकर. तीन एकर कोरडवाहूत एक बैलजोडी पोसली जात नाही, मग कुटुंब कोठून? तापीवर सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा येथे बॅरेजेस बांधले गेले, पण नदीत पाणी अडविणे वेगळे आणि ते उचलून वरच्या शेतापर्यंत नेणे वेगळे. सुलवाडे-जामफळ उपसा योजनेचे भूमिपूजन २०१९ मध्ये झाले. आबांचे शेत विहिरीवर आहे, आणि विहीर फाल्गुनात तळ दाखवते.

जमिनीचा भाव हा या भागात केवळ पैशाचा प्रश्न राहिलेला नाही. शिंदखेडा तालुक्यातल्याच विखरणचे धर्मा पाटील हे वृद्ध शेतकरी वीजप्रकल्पासाठी संपादन झालेल्या आपल्या जमिनीला शेजाऱ्यांच्या मानाने अगदी तुटपुंजा मोबदला मिळाला म्हणून वर्षानुवर्षे खेपा घालीत होते. २०१८ च्या जानेवारीत मंत्रालयात त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला आणि काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. आबांनी त्या प्रसंगाविषयी आमच्याशी एक शब्द काढला नाही. पण शेतविक्रीचा विषय निघाला की ते उठून माठातले पाणी पितात, हे आम्ही त्या वेळेपासून पाहत आलो आहो.

आता आखाजीविषयी सांगितले पाहिजे. अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात, आणि इतरत्र हा सोने घेण्याचा मुहूर्त असला तरी येथे तो लेकीबाळींचा सण आहे. रान मोकळे झालेले असते, पऱ्हाट्या उपटून रचलेल्या असतात आणि पेरणीला अवकाश असतो. सासरच्या मुली माहेरी येतात, लिंबाला झोके बांधले जातात, खापरावर पुरणाचे मांडे होतात. पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरली जाते. पुरुषमंडळी पत्ते कुटतात, आणि ते सगळेच निरुपद्रवी असतात असे नाही. आणि याच दिवशी सालदाराचे साल संपते. जुना हिशेब चुकता होतो, नवा बोलला जातो. थोडक्यात, पितर, लेकी आणि राबणारा गडी, तिघांचेही देणे एकाच दिवशी समोर येते.

आम्ही त्या दिवशी पिशवीत मुद्रांकाचा कागद घेऊन गेलो होतो. गावाबाहेरच्या रस्त्यालगतच्या शेताला बिनशेती प्लॉट पाडणाऱ्याकडून मागणी आली होती. काकांना सुरतेत घर घ्यायचे होते. आमच्या वडिलांनाही आबांना मुंबईला न्यायचे होते. फुईने हक्कसोडपत्रावर सही केली की पुढचे सोपे. कायद्याने काय होते हे आम्हांला ठाऊक होते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतका हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. फुईचे लग्न १९७९ चे. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा हा हक्क जन्मानेच आहे हे स्पष्ट केले. कायदा बहिणीच्या बाजूने आला तसा हक्कसोडपत्रांचा कागदही अधिक खपू लागला असावा, अशी आम्हांला शंका आहे. लेक माहेरी यायची ती आखाजीला, म्हणून सहीही आखाजीलाच.

फुई मांडे करून हात पुसत आली. कागद तिने पूर्ण वाचला. मग विचारले, ‘यात घरपण आहे का?’ होते. ती म्हणाली, ‘शेताचं तुम्ही ठरवा. पण घर गेलं तर पुढल्या आखाजीला मी उतरू कुठे? सुरतच्या फ्लॅटात झोका बांधाल?’ काका हसले, पण कोणी उत्तर दिले नाही. शेतातल्या तिच्या हिश्श्याची किंमत आम्ही मनातल्या मनात पुष्कळदा काढली होती. माहेराला किंमत असते आणि तीही तिच्याच नावावर आहे, हे आमच्यापैकी कोणाच्या हिशेबात आले नव्हते. आबांना विचारले, तर ते घागरीकडे पाहत म्हणाले, ‘आठेच बरं शे.’ येथेच बरे आहे. मुंबईचा प्रश्न त्या तीन शब्दांत निकालात निघाला.

सही झाली नाही. रस्त्यालगतची दीड एकर काकांच्या घरासाठी विकायची, तिच्या पैशाचे तीन भाग करायचे, बाकी शेत आणि घर तसेच ठेवायचे, एवढ्यावर त्या दिवशी सगळे आले. मुद्रांकाचा कागद पिशवीतच राहिला.

संध्याकाळी जुन्या सालदाराचा मुलगा आला. त्याचा बाप आबांकडे वीस साले होता. आता सालदारकी करायला कोणी तयार नसते. तो स्वतः दोन वर्षे सुरतेला राहून परत आला आहे. उरलेली साडेआठ एकर तो निम्म्या बटाईने करायला तयार होता. बी निम्मे आपले, खत निम्मे, मेहनत त्याची. आबांनी सुपारी पुढे केली. त्याने ती घेण्याआधी आमच्याकडे वळून, आम्ही शिकलेले म्हणून, विचारले: ‘तेवढं लिहून नोंदवून द्याल का? मका गेला तर विमा मिळत नाही. सातबारा तुमचा, करार तोंडी. बँकही दारात उभं करीत नाही.’

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. नोंदणी केलेला करार असल्यावाचून बटाईदाराला पीकविमा मिळत नाही. आणि करार का होत नाहीत याचे कारणही आम्हांला पाठ होते. १९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कसणाऱ्याला मालकी दिली. तेव्हापासून जमीनवाल्यांच्या मनात जी धास्ती बसली ती तीन पिढ्या उतरलेली नाही. म्हणून सारा व्यवहार तोंडी आणि सगळी जोखीम कसणाऱ्याच्या माथी. सकाळपासून गावाच्या ऱ्हासाची कारणे एकमेकांना समजावून सांगणारे आम्ही, त्या क्षणी एकमेकांकडे पाहू लागलो. वडील म्हणाले, ‘बघू पुढे. लिहायचं कशाला, घरचाच आहेस तू.’ आम्हीही मान हलविली.

तो काही बोलला नाही. सुपारी घेतली, आबांच्या पाया पडला आणि पऱ्हाट्यांच्या ढिगाला वळसा घालून निघून गेला. फुईने आतून विचारले, ‘गेला का तो? चहा ठेवला होता.’